तह मोडला, आता भजनाला कसं बसू?

ताई, नमस्कार.

आम्ही देवगड तालुक्यातले पाच जण. आंब्याचं आवरलं आणि पाऊस लागला की दर शनिवारी संध्याकाळी एकाच्या माडीवर रिस्क, म्हणजे जगाच्या नकाशावर फाशांनी सैन्यं लढवायचा पटाचा खेळ, खेळायला बसतो. मी हिरवा. माझ्या निम्म्या सोंगट्या हरवल्यात, त्यांच्या जागी चिंचोके लावतो. काळा हा माझा शाळेपासूनचा मित्र. निळा बँकेत आहे. पिवळा आणि लाल हे नवरा-बायको.

गेल्या महिन्यातल्या एका डावात काळ्याचा आणि माझा तह होता. माझ्याकडे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका, त्याच्याकडे आफ्रिका आणि भारत, चीन, सयाम. त्याने सयाममधून इंडोनेशियात उतरायचं नाही, उत्तर आफ्रिकेतून ब्राझीलमध्ये यायचं नाही. मीही त्याच्या वाटेला जायचं नाही. मीच म्हटलं, शपथ घे. त्याने कुणकेश्वराची शपथ घेतली. मग आम्ही मिळून निळ्याला संपवलं. शेवटचा घाव काळ्याने घातला, म्हणून निळ्याचे पत्तेही त्यालाच गेले, मी काही बोललो नाही. सयाममध्ये तो दर पाळीला दोन-तीन सैन्यं वाढवत होता. विचारलं तर म्हणाला, लाल युरोपातून येईल म्हणून.

मी सगळं बळ व्हेनेझुएलात नेलं आणि उत्तर अमेरिकेतल्या पिवळ्यावर गेलो. फासे उलटे पडले. माझी अकरा सैन्यं उरली: व्हेनेझुएलात तीन, इंडोनेशियात दोन, बाकी सहा प्रदेशांत एकेक. पुढची पाळी काळ्याची. त्याने पाचांतले तीन पत्ते टाकले, पंधरा सैन्यं घेतली आणि एकाच पाळीत मला दोन्हीकडून साफ केलं. वर म्हणतो, "तुज्याकडे चार पत्ते असत, मी काय करू?" त्या रात्री तोच जिंकला.

विजयदुर्गाच्या शेजारी वाढलेल्या माणसाला दगा म्हणजे काय ते सांगायला नको. तुळाजी आंग्र्यांचं झालं तेच माझं झालं.

आता आम्ही बोलत नाही. अडचण अशी की गणपतीत वाडीचं भजन आमच्यावरच असतं. मी पेटीवर, तो पखवाजावर. सराव सुरू झालाय आणि आम्ही एकमेकांकडे न बघता बसतो. बुवा दोनदा म्हणाले, लय कुठे चाललीय तुमची. बाकीच्या तिघांनी ठरवलंय की पुढच्या डावात पहिल्या फेरीपासून सगळ्यांनी मिळून काळ्यालाच धरायचं. मलाही ते पटतंय. तह मोडणं ही लबाडीच नाही का?

ता.क. पिवळा आणि लाल एकमेकांवर कधीच हल्ला करत नाहीत, पण ते नवरा-बायकोच, त्यांचं काय घेऊन बसायचं. निळ्याशीही सुरुवातीला माझं थोडं बोलणं झालं होतं, पण ते तह म्हणण्यासारखं नव्हतं. तो म्हणतो, रिस्क सोडून डिप्लोमसी आणूया, त्यात फासेच नाहीत. आणावा का?

— फसलेला हिरवा

*

अहो हिरवे,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. नाही, ती लबाडी नव्हे. पत्त्यांच्या गठ्ठ्यातून एक जास्त उचलला, पाटाखाली गेलेला फासा हळूच फिरवून वर आणला, चिंचोके मोजताना एक बोटाखाली धरला, तर ती लबाडी. रिस्कच्या नियमांत तह पाळायला लावणारं काही नाही. तुमच्या माडीवर तसा घरचा नियम केलेला असता तर तो तुम्ही पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिला असतात.

आता तो डाव बघू. आमच्याकडेही पट आहे. तुमचं पत्र बाजूला ठेवून मी सैन्यं मांडली आणि काळ्याच्या बाजूला जाऊन बसले. खरं सांगते, त्याच्या जागी मीही तुमच्यावरच आले असते.

त्याला काय दिसत होतं ते बघा. तीन जुळणाऱ्या पत्त्यांचा संच टाकला की जादा सैन्यं मिळतात; त्याने पंधराचा संच टाकला, म्हणजे पुढचा संच, कोणीही टाकला तरी, वीसचा. त्याच्या हातात दोन पत्ते उरले. तुमचे चार मिळाले की सहा होतात आणि एखाद्याला संपवून हातात सहा पत्ते झाले की संच तिथल्या तिथे टाकावाच लागतो. म्हणजे तुम्हाला संपवायचं आणि त्याच पाळीत वीस सैन्यं घ्यायची. आता उलट बाजू. तो तुमचं मन राखून थांबला असता तर पाळी फिरून तुमच्याकडे आली असती. चार पत्त्यांत बहुतेक वेळा संच जुळलेला असतो. ते वीस तुम्हाला मिळाले असते, वर आठ प्रदेशांचे तीन आणि दोन खंडांचे दोन-दोन असे सात. सत्तावीस सैन्यं घेऊन तुम्ही कुठे गेला असतात? पिवळ्याने नुकतंच तोंड भाजलं होतं तुमचं. ब्राझीलच्या समोर उत्तर आफ्रिका होती. तुम्ही "मी गेलोच नसतो" म्हणाल, आणि तुमच्यावर माझा विश्वासही बसेल. पण काळ्याला तो जुगार परवडणारा नव्हता.

शिवाय तुम्ही त्याला स्वस्तात पडलात. एकट्या सैन्यावर तीन फाशांनी चढाई केली की दर फेकीला ६६ टक्के वेळा तो प्रदेश पडतो. तिथे दोन सैन्यं असती तर बचावालाही दोन फासे मिळतात, बरोबरी बचावाच्या बाजूने जाते आणि गणित लगेच घट्ट होतं: ३७ टक्के वेळा तुमची दोन्ही गेली असती, २९ टक्के वेळा त्याचीच दोन, उरलेल्या वेळी एकेक. तुमच्या आठांतले सहा प्रदेश एकेका चिंचोक्यावर उभे होते. व्हेनेझुएलातून पिवळ्यावर जाताना तिथली पाच-सहा सैन्यं मागे राखली असतीत तर त्याची पंधरा मध्येच कुठेतरी आटली असती आणि त्याने हिशोब करून तुम्हाला सोडलंही असतं.

पण मला सगळ्यात हसू आलं ते सयामचं. सयामला तीनच शेजारी आहेत: भारत, चीन आणि इंडोनेशिया. भारत आणि चीन काळ्याकडेच होते. लाल युरोपातून यायची तर आधी तिला तेवढा आशिया तुडवत यावं लागलं असतं. मग सयाममध्ये दर पाळीला वाढणारं ते सैन्य कोणाला अडवायला होतं? उरला इंडोनेशिया, म्हणजे तुम्ही. तुमच्या लक्षात आलं होतं, तुम्ही विचारलंतसुद्धा! फक्त उत्तर ऐकून गप्प बसलात, नकाशाकडे पुन्हा बघितलं नाही. दोस्त काय म्हणतो ते जरूर ऐकावं, पण सीमेवर काय ठेवतो ते मोजावं.

आणि तुळाजींना मध्ये आणलंत म्हणून सांगते. १७५५ साली नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांना मोडायचं ठरवलं. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर ॲडमिरल वॉटसन समुद्रातून आणि क्लाइव्ह जमिनीवरून असे आले. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. विजयदुर्ग पेशव्यांना मिळायचा होता, पण एकदा आत शिरलेले इंग्रज काही केल्या तो सोडेनात. त्यावर महिनोन्‌महिने रस्सीखेच चालली. शेवटी ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहात बाणकोट कायमचं पदरात पाडून घेतलं, तेव्हा कुठे त्यांनी विजयदुर्ग सोडला. पेशव्यांना किल्ला मिळाला. मोकळा समुद्र मात्र इंग्रजांना मिळाला, कारण त्या किनाऱ्यावर त्यांना अडवण्याची ताकद असलेलं आरमार पेशव्यांनी स्वतःच बुडवायला मदत केली होती.

आता हे तुमच्या पटावर बसवून बघा. दोघांनी मिळून एका तिसऱ्याला संपवलं, शेवटचा घाव दोस्ताने घातला, लूट दोस्ताकडे गेली, आणि त्या लुटीवर दोस्त पुढे भारी पडला. या गोष्टीत तुम्ही पेशवे आहात, हिरवे. तुळाजी निळा होता. ज्याच्याशी तुमचं "थोडं बोलणं" झालं होतं तोच निळा. ते बोलणं काय होतं, हे मी त्याला विचारलं तर तो ताजा कलम म्हणून सांगेल की पहिल्या ओळीत सांगेल? काळ्याने तह मोडला की दगा आणि तुम्ही मोडलात की तो तह म्हणण्यासारखा नव्हताच, असं चालत नाही. निळा मात्र तुमच्याशी बोलतोय, पुढचा खेळ सुचवतोय. मला तो गडी आवडला.

इतकं सगळं बोलले तरी तुमची एक तक्रार मला पटते. ती म्हणजे शपथेची. सयाम, ब्राझील, पंधरा सैन्यं, चार पत्ते हे सगळं पटावरचं आहे आणि पट घडी घालून खोक्यात गेला की संपतं. कुणकेश्वर पटावर नाही. तुम्ही सकाळी त्याच्या पाया पडून कामाला जाता, काळाही जात असेल. त्याचं नाव एका खेळातल्या सीमेसाठी तारण ठेवलं की खेळात जे मोडायला मोकळीक आहे ते बाहेरही मोडलं जातं. तुम्हाला लागलंय ते हे. इंडोनेशिया गेल्याचं दुःख कोणी महिनाभर धरून बसत नाही. पण शपथ मागितली कोणी? तुम्ही! घेणाऱ्याने "शपथ नको, शब्द देतो, तोही तीन फेऱ्यांपुरता" म्हणायला हवं होतं, ते त्याला सुचलं नाही. दोघांनी मिळून कुणकेश्वराला एक नारळ द्या आणि तो विषय तिथेच सोडा. देव काही रिस्कचे नियम वाचत बसलेला नाही.

तुम्ही भजनातले लोक आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, समोरचा बुवा तुमच्या बुवांचं नाव घेऊन, गाव घेऊन, आवाजावरून, कधी कधी पोटावरूनही टोमणे मारतो. लोक टाळ्या पिटतात, बुवा पुढच्या बारीला त्याचं उट्टं काढतात. पहाटे दोघे एकाच पंगतीला बसतात. पण समजा, एखाद्याने समोरच्याच्या घरातलं आजारपण गाण्यात घेतलं, तर? तिथे सगळी सभा गप्प होते. कुठवर जायचं हे तिथे सगळ्यांना न सांगता कळतं. माडीवर ते एकदा बोलून ठरवा: देव, आईबाप, मुलंबाळं, उधारीचे पैसे आणि भजन, यांतलं काहीही तहात आणायचं नाही.

आता तुमच्या ताज्या कलमाकडे येते. पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर लोक नेहमी तिथेच टाकतात.

"पिवळा आणि लाल एकमेकांवर कधीच हल्ला करत नाहीत." अहो, मग तुम्ही पाच जण खेळतच नाही आहात! तुम्ही चार जण खेळताय आणि त्यातल्या एकाला दोन पाळ्या मिळतात. उत्तर अमेरिका राखायला तीन दारं सांभाळावी लागतात: अलास्का, ग्रीनलंड आणि मध्य अमेरिका. युरोपाला चार, म्हणूनच युरोप फार काळ कोणाच्या हातात टिकत नाही. पण ग्रीनलंडमध्ये नवरा आणि आइसलंडमध्ये बायको असली की दोघांचंही एकेक दार आपोआप बंद होतं. तिथे एकेक सैन्य ठेवलं तरी भागतं, वाचलेलं सैन्य तुमच्या अंगावर. दोन्ही खंडांचे पाच-पाच, म्हणजे दर फेरीला खंडांचीच दहा सैन्यं त्या घरात जातात. तुमच्या दोन खंडांचे मिळून चार आणि काळ्याच्या आफ्रिकेचे तीन.

अशा पटावर उरलेल्या तिघांना तह करावाच लागतो, आणि तोही मोडावाच लागतो. आधी तग धरायला एकत्र यायचं. पण नुसता तग धरून त्या दहा सैन्यांच्या पुढे जाता येत नाही. पुढे जायचं तर एकदम मोठं सैन्य हवं, ते फक्त पत्त्यांतून येतं आणि पत्ते घ्यायला सोपा तो तुमच्यातलाच कोणीतरी. आधी निळा, मग तुम्ही. काळ्याने तुमच्याऐवजी लालवर जाऊन काय मिळवलं असतं? पिवळा मागून आला असता. न बदलणारी एक युती पटावर बसली की बाकीचे लवकर किंवा उशिरा एकमेकांना खातात. तुम्ही महिनाभर ज्याच्याशी अबोला धरलाय त्याने तह एकदा मोडला. ज्यांनी कधीच मोडला नाही त्यांनी तुमचा प्रत्येक शनिवार आधीच निकालात काढलेला असतो.

मोडणारे तह हाच तर या खेळाचा जीव आहे. १९५७ साली आल्बेर लामोरिस या फ्रेंच सिनेदिग्दर्शकाने रचलेला हा खेळ बाजारात आला तेव्हापासून लोक त्यावर भांडतायत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसतायत. आजचा दोस्त उद्या कुठे असेल हे ठाऊक नसतं, म्हणून माणूस ब्राझीलमध्ये एक सैन्य जास्त ठेवतो, दुसऱ्याचं म्हणणं कान देऊन ऐकतो, तिसऱ्याला चहा भरून देतो.

त्या दोघांना काय सांगायचं? "आता तुम्ही भांडा" असं कोणी कोणाच्या बायकोला सांगू नये. मी दोन उपाय सुचवते, त्यातला दुसरा मला जास्त पसंत आहे. पहिला, त्या दोघांनी मिळून एकच रंग घ्यावा. त्यात दोघांची आपापसात वादावादी होईल, तेवढीच बाकीच्यांना करमणूक. दुसरा म्हणजे चिठ्ठ्या. या खेळाच्या काही आवृत्त्यांत गुप्त मोहिमेचे पत्ते येतात. तुमच्या खोक्यात नसतील तर वहीच्या कागदावर लिहा: आशिया आणि आफ्रिका घे, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया घे, कुठलेही २४ प्रदेश घे, अमुक रंगाचं सैन्य संपव. ज्याला स्वतःचाच रंग आला त्याने २४ प्रदेश घ्यायचे. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, कोणाला दाखवायची नाही, मोहीम आधी फत्ते करेल तो जिंकला. मग पिवळ्याच्या हातात "लाल संपव" आलेली असेल की नाही, हे लालला कळणार नाही. ग्रीनलंडमध्ये दुसरं सैन्य आलं की ती वर मान करून बघेल. डावही आटोपशीर होतो, साडेनऊला संपलेल्या निळ्याला मध्यरात्रीपर्यंत आठळ्या सोलत बसावं लागत नाही. हे सगळं निळ्याच्या तोंडून जाऊ द्या. बँकेतल्या माणसाने नवा नियम सांगितला की लोक फारसा वाद घालत नाहीत.

पहिल्या फेरीपासून काळ्याला धरायचा बेत मात्र सोडा. एक तर तोही पट उघडण्याआधी, पटाबाहेर ठरलेला तह आहे. शपथेबद्दल रडायचं आणि हे करायचं, हे बरं दिसत नाही. दुसरं म्हणजे या बेतात तुमच्याबरोबर कोण कोण आहे ते बघा. निळा, पिवळा आणि लाल. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तर तिसरा आणि चौथा एकाच घरात राहतात. काळा संपला की चिंचोके घेऊन तुम्ही त्या दोघांसमोर उभे, आणि शेजारी निळा, ज्याला तुम्ही मागच्या वेळी खाल्लंत.

काळा तह मोडतो हे लक्षात ठेवायला काही हरकत नाही. लक्षात ठेवाच. फक्त त्यावर डूख धरू नका, भाव वाढवा. पुढच्या वेळी तो तहाला आला की म्हणा, आधी तू सयाम एकावर आण, मग मी इंडोनेशिया एकावर आणतो. मुदत घाला: तीन फेऱ्या, मग पुन्हा बोलू. आणि कोणाला मिळून संपवायचं असेल तर शेवटचा घाव कोणाचा हे आधी ठरवा, कारण पत्ते वाटून घेता येत नाहीत. तरीही तो मोडू शकतो. मोडला तर तुमचं नुकसान थोडक्यात भागेल, एवढंच. मोडणाऱ्याला दंड वगैरे नियम मात्र करू नका. तह मोडायची बंदी झाली तर सर्वांत खूश कोण होईल, ते आता तुम्हाला सांगायला नको.

सराव सुरू आहे म्हणता, तर बोलायला पुढच्या शनिवारची वाट बघू नका. सगळ्यांसमोरही बोलू नका. बुवा यायच्या आधी तो पखवाजाला कणीक लावत बसलेला असेल, तेव्हा शेजारी जाऊन बसा. फार बोलायचं नाही. "शपथ मी मागितलंय ती माजी चूक, तू मोडलंस ती तुजी. खेळ मात्र बरो खेळलंस." पुढे त्याने सयामचा खुलासा सुरू केला तर करू द्या, मनातल्या मनात हसा. त्याला शपथेचं काहीच वाटलेलं नसेल असं मला वाटत नाही. तसं असतं तर त्याने पत्त्यांचं कारण द्यायचे कष्ट घेतले नसते, नुसता हसला असता. आणि समजा त्याने हात झटकले, "खेळातली शपथ ती कसली" म्हणाला, तर वाद घालू नका. लयीत वाजवा आणि पुढच्या डावात त्याच्याशी तह करू नका. तेवढा निकाल पुरेसा आहे.

राहिली डिप्लोमसी. जरूर आणा, पण निळ्याने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाचा हा खेळ १९५९ साली विक्रीला आला. १९०१ सालचा युरोप, सात सत्ता, ३४ पुरवठा केंद्रं, १८ घेईल तो जिंकला. फासे नाहीत हे खरं. सगळे जण आधी कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन खलबतं करतात, मग आपापले हुकूम कागदावर लिहितात आणि ते एकदम उघडतात. बळ सारखं असलं तर कोणीच पुढे सरकत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या पाठिंब्याशिवाय फारसं काही घेता येत नाही. म्हणजे तह करणं तिथे टळतच नाही. मोडलेला तहही मोडणाऱ्याच्या अक्षरात, सगळ्यांच्या देखत, कागदावर असतो. "फासे उलटे पडले" म्हणायची सोय तुम्हाला उरणार नाही, एवढं समजून विकत घ्या.

पाच जणांत खेळायचा तर इटली आणि जर्मनी कोणी चालवत नाही, त्यांचं सैन्य आहे तिथे उभं राहतं. पण त्यात मजा कमी. तुमच्याकडे गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतीलच, त्यातले दोघे पकडा, म्हणजे सात होतील. सकाळी लवकर बसा, संध्याकाळच्या भजनाआधी उठायचं असेल तर आणखी लवकर. आणि चिठ्ठ्या टाकण्याआधी इंग्लंड आणि तुर्कस्तान बाजूला काढून त्या नवरा-बायकोला द्या. नकाशाची दोन टोकं आहेत ती. एकमेकांच्या मदतीला जायचं म्हटलं तरी मध्ये तुम्ही पाचही जण आडवे याल.